चप्पल बराबर हाय, ताई

ज्या माणसाशी मी भर बाजारात भांडले, त्याच्यापासूनच सुरुवात करते. हिंगोलीच्या बाजारात सलीमभाईंचं चपलांचं दुकान आहे. माझा आजार सगळ्यांच्या आधी त्यांनी ओळखला. मी सोळा वर्षं सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, रोज वॉर्डभर पेशंट डोळ्यांखालून जातात, आणि माझ्याच पायांतलं बळ जातंय हे मला कळलं नाही. कळलं चपला विकणाऱ्या माणसाला! आता लिहिताना हसू येतंय. तेव्हा मात्र मी त्यांच्या काउंटरवर चपला आपटून आले होते.

हे मी दोन प्रकारच्या माणसांसाठी लिहितेय. एक, ज्यांना हा आजार झालाय आणि जे आत्ता पलंगावर पडून छताचा पंखा बघतायत. दुसऱ्या, माझ्या सिस्टर मैत्रिणी, ज्या दुसऱ्याचं सगळं बरोबर ओळखतात आणि स्वतःचं दुखलं की ड्यूटीवरच्या मैत्रिणीकडून बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन टोचून घेतात. तुम्हाला उगाच टांगून ठेवत नाही. मी चालते! पण पायातली चप्पल पायात राहते का, हा प्रश्न वेगळा होता, आणि त्याचा निकाल परवाच लागला.

सहा नंबर, पाच नंबर

शिरड शहापूरला नवऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. तिथून आल्यावर मला जुलाब लागले. दोन दिवस ओआरएस प्यायले, बरी झाले, विसरून गेले. आठ-दहा दिवसांनी पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. आमच्या कामात पायाला मुंग्या येणं ही काही बातमी नव्हे. मी कॅल्शियम सुरू केलं आणि रूपालीकडून बी-कॉम्प्लेक्स टोचून घेतलं. रूपाली माझ्या हाताखाली शिकलेली, आता माझ्याच वॉर्डातली सिस्टर.

मग वॉर्डात घालायची चप्पल निसटायला लागली. झिजली असेल म्हणून सोमवारी सलीमभाईंकडून नवी घेतली. तपकिरी, सहा नंबर, माझा नेहमीचा. मंगळवारी ती घालून ड्रेसिंग करत होते तर डाव्या पट्ट्यावर बेटाडीनचा थेंब पडला. पुसला, डाग राहिलाच. पण त्याहून वाईट म्हणजे मी पाऊल टाकलं की पाय पुढे आणि चप्पल मागे. दिवसभर तेच. संध्याकाळी दुकानात जाऊन म्हटलं, "सलीमभाई, सैल आहे हो." त्यांनी डाग पाहिला, तरी ती ठेवून घेतली आणि पाच नंबर दिली.

बुधवारी पाच नंबर. टाच मागून बाहेर, बोटं पुढून बाहेर, तरी निसटलीच! आता माझं डोकं फिरलं. दुकानात गिऱ्हाईक होतं तरी मी आवाज चढवला.

"कसला माल ठेवलाय हो? एकही चप्पल धड न्हाई!"

"बसा ताई. पाय द्या इकडं," म्हणाले. खाली बसून त्यांनी माझ्या अंगठ्यात चपलेचा पट्टा अडकवला. "धरा आता. अंगठ्यानं जोर लावून धरा."

"धरलंय की."

त्यांनी दोन बोटांनी चप्पल ओढली आणि ती अलगद निघून आली. त्यांनी पुन्हा अडकवली, पुन्हा ओढली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "चप्पल बराबर हाय, ताई. पाय पाहा तुमचा. ह्यो चपलेला धरूनच नाही ऱ्हायला. तकलीफ पायात हाय."

मला इतका राग आला! "मी सिस्टर आहे," मी म्हटलं. "पायाचं मला शिकवू नका." आणि चपला आपटून, जुन्या सँडलचा पट्टा करकचून आवळून निघाले.

गुरुवार

गुरुवारी सकाळी वॉर्डात खालच्या कप्प्यातून सलाईनचे सेट काढायला उकिडवी बसले आणि तिथेच बसून राहिले. उठायचं म्हणते तर मांड्या ऐकेनात.

"ताई, काहून बसूनच ऱ्हायल्या?" रूपाली हसत म्हणाली.

"अगं हात दे, बसली असेल नस एखादी."

तिनं हात दिला, ओढलं आणि तिचं हसू थांबलं. माझी बोटं तिच्या हाताला नीट धरत नव्हती. ती म्हणाली, "टाचांवर चालून दाखवा."

"तू माझी परीक्षा घेतेस काय गं?"

"तुमीच घ्यायच्या ना आमची. चाला."

पंजा वर उचलून टाचेवर चार पावलं. कोणत्याही धडधाकट माणसाला जमतं. माझे पंजे जमिनीला चिकटल्यासारखे. रूपाली तडक डॉक्टरांना घेऊन आली. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारली. इकडे मारली, तिकडे मारली. माझा गुडघा त्या हातोडीला ओळखच देईना.

डॉक्टर म्हणाले, "सुजाताताई, घरी जायचं नाही. इथूनच नांदेडला."

रूपाली पाठवणीचा कागद भरायला बसली. आमच्या कागदावर एक रकाना असतो: पेशंट चालतो, आधाराने चालतो, झोपून आहे. मी म्हटलं, "'चालतो'वर खूण कर. सकाळी चालतच आले ना."

तिनं पेन खाली ठेवलं. "मग चालून दाखवा."

न बघता खूण करायची सवय तर मीच लावलेली होती, तिला आणि तिच्या आधीच्या चार पोरींना. आमच्याकडे पेशंटच्या चपला वॉर्डच्या दाराबाहेर काढायची पद्धत आहे. नातेवाईक धरून आणतात, आम्ही पलंगावर झोपवतो, मग कागद भरतो. तोवर पेशंट झोपलेला असतो. "आला ना चालत? मग कर खूण," हे माझंच वाक्य. सोळा वर्षांत किती कागदांवर मी न बघता 'चालतो' लिहिलं असेल! त्यातला कोण माझ्यासारखा असेल, हा विचार ॲम्ब्युलन्समध्ये आला आणि मला रडू फुटलं.

वायरमनचं निदान

नांदेडला करंट देऊन नसा तपासल्या, पाठीतून पाणी काढलं. आजाराचं नाव जीबीएस. जुलाबासारख्या आजाराच्या जंतूंशी लढताना शरीराची फौज चुकून स्वतःच्याच नसांवर उलटते, पायापासून वर चढत येते. बाकीचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मला खरं समजावलं ते माझ्या नवऱ्यानं.

प्रकाश वायरमन आहे. डॉक्टरांशी बोलून आला आणि एखादी तार जोडून आल्यासारखा खूश! "वायर तुटली न्हाई तुझी! वरचं कव्हर सोललंय. म्हणून करंट पोचून नाही ऱ्हायला. कव्हर परत चढतं म्हणले डॉक्टर. टाइम लागतो फक्त."

"किती टाइम?"

"ते नाही सांगितलं." आणि मग त्याचा चेहरा उतरला.

दुसऱ्या दिवशी डोंगरकड्याहून सासूबाई आल्या. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. जय भीम म्हणायला हात जोडावेत तर माझे हात छातीपर्यंतसुद्धा येईनात. त्यांनी माझे दोन्ही हात उचलून एकमेकांना जोडले, स्वतःच "जय भीम" म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या.

एका दमात

या आजारात पाय गेले म्हणून माणूस मरत नाही. भीती असते ती छातीची. बळ जात जात वर पोचलं तर श्वासाचं यंत्र लावावं लागतं. म्हणून तिथली सिस्टर दर थोड्या वेळानं यायची आणि म्हणायची, "ताई, दम भरा अन् मोजा." एका श्वासात मोठ्यानं आकडे मोजायचे. आकडा जितका मोठा तितका श्वास शाबूत.

मी शाळेत कबड्डी खेळायचे. दम धरून तिघींना बाद करून परत यायचे. मला वाटलं, हे तर आपलंच मैदान! पहिल्या दिवशी सत्तावीस. दुसऱ्या दिवशी सकाळी एकवीस, दुपारी एकोणीस. तिसऱ्या दिवशी सोळा.

सोळा झाल्यावर कोपऱ्यातलं यंत्र माझ्या पलंगाशेजारी आणून ठेवलं. मला त्याचं प्रत्येक बटण ठाऊक होतं आणि तेच वाईट. न कळणारं माणूस बरं, निदान झोप तरी लागते.

आणि मग मी चक्क चोरी केली. पुढच्या वेळी अकरावर आले तेव्हा हळूच नाकातून इवलासा श्वास घेतला आणि वीसपर्यंत गेले. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. "मधी श्वास घेतला तुमी."

"न्हाई हो."

"ताई, मी पण सिस्टरच हाय. पुन्हा मोजा."

पुन्हा मोजलं. चौदा. तिनं चौदाच लिहिलं. त्या बाईनं माझ्यावर केलेले उपकार मी विसरणार नाही. दया येऊन तिनं वीस लिहिले असते तर माझा घात झाला असता. चौदा लिहिले म्हणून डॉक्टर धावत आले आणि माझ्या शेजारून हलले नाहीत.

औषधाच्या बाटल्या पाच दिवस चालू होत्या. चौथ्या दिवशी सकाळी चौदा, दुपारी पुन्हा चौदा. प्रकाश दाराशी उभा राहून माझ्याबरोबर ओठ हलवायचा, जणू त्याच्या श्वासानं माझा आकडा वाढणार होता. संध्याकाळी सिस्टर आली. मी डोळे मिटले, दम भरला. बारा, तेरा, चौदा, पंधरा... सोळा... सतरा!

"सतरा! सतरा!" प्रकाश एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या पलंगावरचे आजोबा दचकून उठून बसले. सिस्टर त्याला रागावली आणि मग स्वतःच हसायला लागली. मला टाळी वाजवावीशी वाटत होती. हात उचलवत नव्हते, म्हणून मी नुसतीच हसत राहिले आणि डोळ्यांतलं पाणी कानात जात राहिलं. ते यंत्र न वापरताच परत कोपऱ्यात गेलं.

तुला कळलं कसं न्हाई?

जीव वाचला की घरात भांडणं सुरू होतात. हे कोणी लिहीत नाही, मी लिहिते. आत्याबाई केळं कुस्करून भरवायच्या. डोंगरकड्याची केळी, एरवी मी जीव टाकते त्यांच्यावर. पण चमचा तोंडाशी आला की मला संताप यायचा. सोळा वर्षं मी लोकांना भरवलं होतं. भरवून घेणं इतकं अवघड असतं, हे माहीतच नव्हतं. एकदा मी तोंड फिरवलं आणि केळं उशीवर सांडलं. आत्याबाई उशी पुसत बसल्या, पण प्रकाशचा बांध फुटला.

"तू सिस्टर हायेस ना? दुनियेचं ओळखतीस. मग तुला तुझं कळलं कसं न्हाई? चपला काय बदलत बसलीस तीन दिवस!"

आत्याबाई त्याच्यावर खेकसल्या, "गप रे! लेकराचा जीव आत्ता कुठं आलाय माघारी."

पण त्याचं खरं होतं. मी भिंतीकडे बघत पडून राहिले आणि मनात पहिल्यांदा सलीमभाई आले, खाली बसून माझा पाय हातात धरलेले. त्या क्षणी मी ठरवलं: मला नुसतं चालायचं नाहीये. मला अंगठ्यानं चप्पल धरायचीय. त्यांच्या दुकानात, त्यांच्या समोर!

अंगठा

माझी लेक प्रज्ञा सातवीत आहे. आधी ती माझ्याजवळ यायलाच घाबरायची, दाराशी उभी राहून बोटं मोडायची. मी तिला काम दिलं. म्हटलं, "रोज शाळेतून आलीस की माझ्या पायाकडं बघायचं. मला पडल्यापडल्या दिसत न्हाई. मी अंगठा हलवते, तू सांगायचं." तोवर आम्ही घरी आलो होतो.

रोज संध्याकाळी परीक्षा. मी डोकं दुखेपर्यंत जोर लावायचे आणि ती मान हलवायची. "न्हाई मम्मी." "आता?" "न्हाई." कितीतरी दिवस 'न्हाई'. पोरगी खोटं बोलत नव्हती, बरं का. नांदेडच्या सिस्टरसारखीच.

आणि एक दिवस ती दप्तर न काढताच पायाशी बसली, मी सवयीनं जोर लावला, आणि ती किंचाळली, "हलला! मम्मी हलला! उजवा! बाबा, पळा!"

प्रकाश आला, आत्याबाई पिठाच्या हातानं आल्या. पुन्हा हलवला. इतकासा, मुंगी सरकावी तेवढा. आत्याबाईंनी पिठाचा हात माझ्या पायावरून फिरवला. त्या दिवशी भाकरीआधी घरात जिलेबी आली.

पुढचं सगळं कष्टाचं आहे आणि मजेचंही. अंगठ्यानं रुमाल उचलायचा, मग पेन्सिल. आधी वॉकर, मग काठी, मग भिंत. प्रज्ञा जमिनीवर गोट्या टाकायची आणि मी पायानं वेचायचे. आता आजारी असलेल्यांना एकच सांगते. बळ ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं उलटं येतं. माझे आधी हात आले, मग मांड्या, आणि सगळ्यात शेवटी पायाची बोटं. म्हणून शेवटी थांबलं असं वाटतं. थांबलेलं नसतं.

दाराशी खुर्ची

सात महिन्यांनी मी हलक्या कामावर हजर झाले, पट्ट्यांचे सँडल घालून. रूपालीनं विचारलं, "कुठं बसता?" मी म्हटलं, "वॉर्डच्या दाराशी. जिथं चपला काढतात तिथं."

आता नवीन पेशंट आला की मी आधी त्याला चप्पल काढताना बघते. माणूस पलंगावर पडला की काही दिसत नाही, दाराशी सगळं दिसतं. मग दोनच गोष्टी विचारते. चप्पल निसटते का? आणि निसटली की कळतं का? निसटली हे कळतं पण धरता येत नाही, तर बळ गेलंय. निसटली तरी कळतच नाही, लोक हाक मारून सांगतात, तर पायाची जाणीव गेलीय. मग म्हणते, उकिडवं बसा, उठा. बायकांना विचारते, भाकरी थापताना हात भरून येतो का, ब्लाऊजची हुकं लावता येतात का. यात यंत्र लागत नाही, हातोडी लागत नाही. 'चालतो'ची खूण त्यानंतर. रूपालीनं सगळ्या पोरींना ताकीद देऊन ठेवलीय.

गेल्या महिन्यात कनेरगाव नाक्याकडचे एक शेतकरी आले, कंबर दुखते म्हणून. दारात त्यांची एक चप्पल मागेच राहिली. त्यांनी वळून पायानं ओढली, पुन्हा निसटली.

"दादा, कवापासून?"

"चार दिस झाले. चप्पलच सैल झाली, बाई. दुसरी घ्यायची हाय."

माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना उकिडवं बसवलं. उठताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले, तरी उठवेना. रूपाली न सांगताच डॉक्टरांकडे पळाली. त्याच दिवशी ते नांदेडला गेले, आणि मला नंतर फोन आला की वेळेत पोचले. मी वॉर्डात नाचायची तेवढी राहिले! पाय साथ देत असते तर नाचलेही असते.

परवा

परवा रविवार होता. मी प्रकाशला म्हटलं, "गाडी काढ, बाजारात जायचंय." त्यानं काय ते ओळखलं. प्रज्ञा मागे बसली.

दुकान तेच, काउंटर तेच. मी पायरी चढले, आणि जे कितीतरी महिने मनात घोकलं होतं त्यातलं एकही वाक्य आठवेना. म्हटलं, "सलीमभाई, माफ करा. तुमचं खरं होतं."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. पायांकडे बघत होते. "सहा नंबर ना?" म्हणाले आणि मागच्या फळीवरून एक जोड काढून खाली ठेवला. तपकिरी.

मी सँडल काढले. पाय सरकवला. डाव्या पट्ट्यावर एक फिकट डाग दिसला, बेटाडीनचा.

"सलीमभाई, ही तर..."

"आधी चालून दाखवा."

मी चालले. काउंटरपासून दारापर्यंत, पायरी उतरून रस्त्यापर्यंत, तिथून परत. प्रज्ञा वाकून माझ्या अंगठ्यांकडे बघत होती. प्रकाशचे ओठ हलत होते, तो पावलं मोजत होता. एकदाही चप्पल मागे राहिली नाही. परत आले तेव्हा मला काहीच धड दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

सलीमभाई खाली बसले, दोन बोटांनी माझी चप्पल धरली आणि ओढली. मी अंगठा घट्ट आवळला. त्यांनी आणखी जोर लावला. चप्पल जागची हलली नाही.

तेव्हा कुठे त्यांनी वर बघितलं. "तुमी सैल म्हणून वापस केलेली तीच हाय ही. डाग पडलेली, कुणाला देणार? ठेवली होती. आता सांगा ताई, सैल हाय का?"

"न्हाई हो, सलीमभाई," मी म्हटलं. "बराबर हाय."